कावळ्यानं मान्य केलेल्या बटा

९ मार्च २०२५
आज आईची दशक्रिया. नदीकाठी प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. पिंड ठेवला तरी कावळा शिवेना. आईची कसली इच्छा राहिली म्हणून एकेकानं शब्द दिला. भाऊ अंगद म्हणाला, विहिरीचं काम पुरं करतो. काका म्हणाले, पारायण घालू. कावळा बाभळीवर बसून ऐकत राहिला. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी मनातल्या मनात शब्द दिला. त्याचा उपयोग झाला नाही.
मग अंगदची बायको पंकजा पुढे आली. तिचं शेवगावात ब्यूटी पार्लर आहे. हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, आक्काच्या रुंद कपाळाची काळजी करू नका. मी पुढच्या बटा कापून झाकून देते."
शेजारी माईक चालू होता. पलीकडच्या गावालासुद्धा ऐकू गेलं.
कावळा लगेच खाली आला.
आक्का म्हणजे मी.

१० मार्च
आज निवांत रडायचं ठरवलं होतं. रागामुळे जमलं नाही.

१२ मार्च
शांतपणे विचार केला. आईची इच्छा बटांची होती. पंकजाची नव्हती. मी दुसरीकडून बटा कापून घेतल्या तर आई तृप्त होईल आणि पंकजाचा शब्द खोटा पडेल. वर्षश्राद्धाला सगळ्या भावकीसमोर अशी जाईन की तिला पार्लरची पाटी उतरवावीशी वाटेल. तोवर तिला काही कळू द्यायचं नाही.

१५ मार्च
मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. आखूड बटा बॉबकटबरोबर भरीव घ्याव्यात, स्टेपकटबरोबर बाजूला वळवाव्यात, लांब केसांबरोबर विरळ ठेवाव्यात. भुवईच्या वर गेलेल्या बटा फक्त धाडसी बाईला शोभतात, असं त्यातली मुलगी म्हणाली. मी धाडसी आहे. फक्त बोलत नाही.

२१ मार्च
पार्लरवालीची गरज काय? मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, कात्री रोज हातात असते. दुपारी केस ओले करून भुवईपर्यंत सरळ कापले. सुंदर दिसत होते.

२१ मार्च, संध्याकाळ
केस वाळले. अर्ध्या कपाळावर चढले आणि मधोमध फाटक उघडावं तसे दोन्हीकडे गेले.

२३ मार्च
ह्यांचं आज लक्ष गेलं. विचारलं, गॅस भडकला का? मी हो म्हटलं. संध्याकाळी नवा रेग्युलेटर घेऊन आले.

२८ मार्च
शुक्रवार, घोडेगावचा बाजार. दवाखान्यात गर्दी. कारभारी नावाचे एक म्हातारे व्यापारी गाय घेऊन आले होते. गाईऐवजी माझ्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "बाई, तुमच्या कपाळाला भोवरा हाय. असलं जनावर लई हट्टी निघतं. पर गोठा सोडत न्हाई."
मी पावती फाडून दिली. पण कारण कळलं. दोष कात्रीचा नव्हता. भोवऱ्याचा होता.

१९ एप्रिल
नगरला मोठ्या पार्लरमध्ये गेले. एसी आहे. पुढचे केस बसत नाहीत म्हणून तिनं मागचे कापले. म्हणाली, आता मॅच होईल. लांब केसांचा स्टेपकट झाला.

३ मे
मॅच झालं नाही. परत गेले. स्टेपकटचा बॉबकट झाला. बटा जिथे होत्या तिथेच उभ्या आहेत. फक्त आता त्यांना सोबत आहे.
पंकजाचा फोन आला होता. आईची लुगडी कुणाला द्यायची, विचारत होती. मी म्हटलं, तुझं तू बघ. चांगलं झोंबलं असणार.

९ ऑगस्ट
राखी. शेवगावला गेले. डोक्यावरून पदर घेतला, जेवतानासुद्धा काढला नाही. अंगद म्हणाला, आक्का एकदम जुन्या वळणाची झाली. पंकजा सारखी माझ्या पदराकडे बघत होती. घाबरली आहे.

१४ सप्टेंबर
बटांना वळण लागावं म्हणून रात्री दवाखान्यातली चिकटपट्टी लावून झोपले. सकाळी पट्टी काढली. काही बटा पट्टीबरोबर गेल्या. विरळ बटासुद्धा फॅशनमध्ये आहेत.

२ नोव्हेंबर
स्ट्रेटनर आणला. आज खरोखरच भाजलं. हे म्हणाले, रेग्युलेटर तर नवा आहे.

२१ डिसेंबर
आईच्या फोटोची काच पुसली. काचेत माझं कपाळ दिसत होतं आणि आत तिचं. सारखंच आहे. तिलाही तिथेच भोवरा. ती तेल चोपडून मागे बसवायची. लहानपणी माझेही बसवायची. मला पहिल्या स्थळानं कपाळावरून नाकारलं, त्या दिवशी तिनं तेल लावलं नव्हतं. पुढचे केस नुसते हातानं खाली ओढत बसली होती.
काच पुसायला वेळ लागला.

१७ फेब्रुवारी २०२६
उद्या वर्षश्राद्ध. तयारी पूर्ण. रोलर, स्प्रे, दोन पिना. पदर घ्यायचा नाही. पंकजाचा चेहरा कसा होतो, तेवढंच बघायचं आहे.

१८ फेब्रुवारी
शेवगावला एसटीनं गेले. खिडकीची काच बंद होत नव्हती. उतरले तेव्हा सगळ्या बटा आभाळाकडे बघत होत्या.
पान वाढून पत्र्यावर ठेवलं. कावळा समोरच्या तारेवर बसला, पण येईना. खीर झाली, वडे झाले, सगळे ताटकळले. काकांनी विचारलं, "कुणाचा शब्द राहिलाय का?" अंगद म्हणाला, विहीर झाली. काका म्हणाले, पारायण झालं. मग सगळी भावकी माझ्या कपाळाकडे बघू लागली.
पंकजानं अंगणात खुर्ची टाकली. काका म्हणाले, आजच्या दिवशी कात्री लावत न्हाईत. मग तारेकडे बघून म्हणाले, लाव.
मी बसले. उन्हात उभं राहून पाय दुखत होते म्हणून.
पंकजानं केसांना पाणी लावलं. हळूच म्हणाली, "माईक चालू हाय हे मला ठाऊक न्हवतं, आक्का. आत्याबाई आजारपनात म्हनल्या हुत्या, आक्का कधीच मागायची न्हाई, तूच पुढं हो."
मला उत्तर द्यायचं होतं. तोंडात केस जात होते.
कावळा आला. वडा उचलून नेला. वड्यासाठीच आला, हे उघड आहे.
बटा बसल्या. भोवऱ्यासकट.

१९ फेब्रुवारी
आखूड बटा तीन आठवड्यांनी परत कापाव्या लागतात, असं पंकजा म्हणाली. आणि कायम. मी म्हटलं, बघू.
डॉक्टरांकडे रजा मागितली. कारण विचारलं. म्हटलं, बदला घ्यायचा राहिलाय, शेवगावला जायला लागेल. ते माझ्या बटांकडे बघून म्हणाले, पार्लरच्या वेळा सांगा, त्याप्रमाणे ड्यूटी लावतो.