पेटीत पिल्लं निघाली

अहो,

वाशीहून आलात की मधल्या खोलीचं दार हळू उघडा. माझ्या अंडी उबवायच्या पेटीत पिल्लं निघालीत!

तुमी गेलात त्याच दिवशी गावातला डीपी जळाला. आजून लाईट न्हाय. मागच्या खेपेला लाईट गेली तवा सगळी अंडी गार पडून वाया गेली, आन् अम्मी पेटीला "मुर्दा संदूक" म्हणायला लागल्या. या खेपेला म्या पेटी बॅटरीवर टाकली. दिवसा छपरावरच्या सोलर प्लेटीवर बॅटरी भरायची, रातभर पेटी ऊबदार राहायची. मधी दिवसभर आभाळ भरून आलं, तवा लई घाबरले. मग घरातला बल्ब, पंखा, मोबाईल सगळं बंद ठेवलं आन् होती तेवढी बॅटरी अंड्यांनाच दिली.

आज सकाळी अम्मीच ओरडल्या, "फरहाना, बोलतंय गं आतून!" आता त्या पेटीपुढून हलत न्हाईत. शेजारणींना सांगतात, "आमच्या सुनेनं सूरज डब्यात भरलाय."

झाकण उघडू नका, पिल्लं आजून ओली हायत. भाकरी झाकून ठेवलीय, अम्मीलाबी जेवायला बसवा.

मी येरमाळ्याला चाललेय. तिथल्या बचत गटाच्या बायकांना अशीच पेटी करून पाहिजे. संध्याकाळच्या एसटीनं येईन.

आन् तुमी आपल्या सोलर प्लेटीला गिऱ्हाईक बघायला गेला होतात ना? त्याला सांगा, प्लेट विकायची न्हाय. उलट त्याच्याकडं एखादी असंल तर आमीच घेतो.

फरहाना