एक चिंचोका कमी

२३ जून १९९८, मंगळवार

बालवाडीत आज पहिल्यांदाच अक्षरांचा कोपरा मांडला. खडूने काढलेल्या ‘ग’वर मुलं चिंचोके ठेवत होती आणि मी खुशीत दुसऱ्या कोपऱ्यात गोष्टीची पुस्तकं लावत बसले. आवरताना पाहिलं तर मोजून दिलेल्या चिंचोक्यांतला एक कमी. सतरंजी झटकली, कपाटाखाली हात घातला. नाहीच.

आत्ता भाकरी थापताना आठवलं, ओंकार घरी जाताना सारखा नाक चोळत होता. त्याची आई म्हणाली, “सर्दी हाय बाई त्याला.” मीही मान डोलावली. पण मग तो एकच नाकपुडी का चोळत होता? झोपेत तो चिंचोका आत ओढला गेला तर? अंबडला त्यांच्याकडे फोनही नाही. निघतेच.

देवा, नुसती सर्दीच असू दे. जाताना मीच त्याचं नाक पुसलं होतं. पदराने, चांगलं दाबून.