सासूबाईंचं दही आणि ताटलीतले जंतू

ती. ताईंना धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? इकडे तुमचे बंधू मजेत आहेत (घर पेटलं तरी ते आधी चहा संपवतील), आणि आई आता, म्हणजे आता, बऱ्या आहेत. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता आणि मलाच तुमची समजूत काढावी लागली असती, म्हणून पत्र.

सगळा दोष आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांचा. लघवीच्या संसर्गाचे जंतू दह्यातल्या जंतूंना भितात का, हे त्यांना बघायचं होतं. घरोघरचं दही आणा, असं फर्मान निघालं. साहेबांनी बायकोचं आणलं, मी आईंचं नेलं. काचेच्या ताटलीत ते जंतू वाढवायचे आणि मध्ये दह्याचा थेंब सोडायचा. साहेबांच्या घरच्या थेंबाभोवती जंतू लग्नघरच्या पाहुण्यांसारखे दाटीवाटीने बसले. आईंच्या थेंबाभोवती मात्र स्वच्छ गोल मैदान! साहेबांचं तोंड दह्याहून आंबट झालं. आणि मी शहाणी, हे घरी येऊन सांगितलं.

झालं! त्या दिवसापासून आई इमारतीच्या धन्वंतरी. खालच्या शिंप्याच्या गुडघ्याला दही, पहारेकऱ्याच्या खोकल्याला दही. समोरच्या वकीलबाई खटला हरल्या, त्यांनाही वाटीभर दही. मी म्हटलं, "आई, ताटली वेगळी, माणूस वेगळा." त्यावर त्या म्हणाल्या, "तुला कौतुक बघवत नाही." (तुमच्या बंधूंनी वर्तमानपत्रामागून मान डोलावली. कोणाच्या बाजूने, ते अजून कळलेलं नाही.)

मग आईंनाच लघवीला जळजळ सुरू झाली. एक पाय न्हाणीघरात, एक बाहेर. पण वैद्यानेच डॉक्टरकडे जायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न! कोणाला न सांगता त्या वाट्यांवर वाट्या रिचवत राहिल्या. मला कळलं ते थंडी वाजून दात वाजायला लागल्यावर. "आई बरी आहे म्हणते, म्हणजे बरीच असेल," हे तुमच्या बंधूंचं निदान. मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात त्या तापातही डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "माझ्या दह्याने हे जंतू मरतात. हिला विचारा, ही तिथेच नोकरीला आहे." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरबाजारात औषधं विकते.

"ताटलीत मरतात," मी पुटपुटले.

"ताटलीत फिनाइलनेही मरतात," बाई म्हणाल्या. "पाजता का?"

संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. सुई टोचली, सलाईन लागलं. ताई, खरं सांगते, तेव्हा माझी सगळी थट्टा संपली. आईंनी माझा हात धरला आणि लहान मुलीसारखं विचारलं, "माझं दही खोटं निघालं का गं?" मी म्हटलं, "दही खरं आहे, आई. आपणच त्याच्या डोक्यावर नको तेवढं ओझं दिलं." त्यांनी डोळे मिटले, पण हात सोडला नाही.

औषधांनी ताप उतरला. जेवणात दही खुशाल खा, पण औषधाऐवजी नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आता आई गोळ्यांच्या भक्त झाल्या आहेत. शिंप्याला दवाखान्यात पिटाळलं, दह्याचं भांडं पालथं घातलं.

तुमची,
वहिनी

ता. क. हवापालटासाठी आईंना महिनाभर तुमच्याकडे न्यावं, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते.

पुन्हा ता. क. वरचं रद्द. कालपासून तोच त्रास मला सुरू झालाय. आईच मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेल्या, गोळ्याही समोर उभ्या राहून गिळायला लावतात. नेऊ नका त्यांना. फक्त एक करा. फोन करून, तुम्हालाच सुचलं असं दाखवून, त्यांना सांगा की सूनबाईला जेवताना वाटीभर दही द्यायला हरकत नाही. मी मागितलं तर म्हणाल्या, "एवढी शिकलेली तू, आणि दह्यावर विश्वास?"