साच्याला तेल

लोणावळा, डिसेंबर १९४३, गुरुवार

आज मेणबत्त्या साच्यातून निघेनात. दोष माझा, आणि बोलणी खाल्ली बायकोने.

साच्यावर टिचकी मारली की मेण सुटलंय की नाही, हे मला आवाजावरून कळतं. आज आवाज अजून बद्दच होता. पण बंगल्यावरचा सदू माळी दारात उभा. रॉकेल मिळत नाही, म्हणून त्याच्या मालकांना दिवेलागणीच्या आत मेणबत्त्या हव्या होत्या. मी वाती धरून ओढल्या. निम्म्या मोडल्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "साच्याला तेल लावलं नाहीस वाटतं!"

ती म्हणाली, "राहिलं असेल."

सदू हसला. "वैनींचं ध्यान कुटं हाय म्हनायचं, शेट?" मीही हसलो. का हसलो? गिऱ्हाईक राखायला?

तो गेल्यावर तुकडे परत वितळवायला घेतले, तर बोटं खोबरेलाने चिकट झाली. राहिलं असेल म्हणे! तिने नेहमीसारखं प्रत्येक साच्यात तेलाचं बोट फिरवलं होतं.

जेवताना शेवटी म्हटलं, "चूक माझी होती गं. मी घाई केली."

भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "ते मला ठाऊकच होतं. उरलेल्या न्यायला उद्या सदू येईल ना, त्याला सांगा."

एवढंच तर करायचंय. आणि मी मघापासून मनात घोकतोय, उद्या सदूऐवजी दुसरं कोणी आलं तर बरं.