गोळीला काय ठाऊक, कुठं दुखतं

माय, एवढ्या वर्षांनी तुला लिहायला बसले आणि विषय काढतेय तो दुखण्यावरच्या गोळ्यांचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन वं पोरी, दुसरं काही सुचलं नाई तुले?" सुचतं पुष्कळ. पण तू आठवलीस की मला आधी ती नाताळची सुट्टी आठवते.

मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून वरवट बकालला घरी आले होते. माजघरात कापूस आढ्याला टेकेल इतका भरलेला. ढिगावर मांजरीनं पिलं घातली म्हणून तू त्यांना उतरवायला चढलीस, कापूस पायाखालून सरकला आणि तू उंबरठ्याच्या दगडावर हात टेकून पडलीस. मनगट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ते ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. तू तोंडातून आवाज काढला नाहीस. दुसऱ्या दिवशी एका हातानं चूल पेटवत होतीस, आणि तुझा खालचा ओठ दातांच्या खुणांनी सुजला होता.

तेव्हा दुकानात औषध अवयवाच्या नावानं मिळायचं. डोक्याची गोळी, तापाची गोळी, अंगदुखीची पुडी. ज्याचं काम त्यानं करावं, असा तुझा हिशेब. हात ठणकला की पुडी, त्यानं डोकं चढलं की डोक्याची गोळी, अंग कोमट लागलं की तापाची. मी म्हटलं, एकच घे ना. तर तू म्हणतेस, "डोक्याची गोयी हाताले कशी लागू होईन? तिले काय मालूम, हात कुठं हाये ते?" बाबा ओसरीवरून म्हणाले, "गोयीले डोये असते त ती तरी कापसावरून पडली नसती." तू हसत त्यांच्या अंगावर भाकरीचा तुकडा भिरकावलास. तो तुकडा तुझ्या ताटातला होता. दुखण्यानं तुझी भूकच मेली होती. नुसत्या चहावर गोळ्या चालल्या होत्या आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग एका सकाळी तू विचारलंस, "जातं कोण फिरवून राह्यलं वं? घरघर होऊन राह्यली." जातं कोपऱ्यात गप्प होतं. आवाज तुझ्या कानातच होता. थोड्या वेळानं तुला उलटी झाली, कॉफीच्या गाळासारखी काळी. बाबांनी ती पाहिली आणि चप्पल शोधायच्या आधीच ते रस्त्यावर धावले.

एस.टी.नं मलकापूरला नेलं. डॉक्टरांनी तुझ्या पदराची गाठ सोडायला लावली. त्यातून गोळ्या-पुड्यांचे चुरगळलेले कागद निघाले. "कॉन्व्हेंटात आहेस ना? मग वाच बारीक इंग्रजी," ते मला म्हणाले. मी वाचत गेले. तिन्ही कागदांवर एकच नाव, अॅस्पिरिन. ते ऐकून तू डोळे मिटूनच पुटपुटलीस, "म्हंजे एकाच मायच्या तिघी पोरी. लुगडी तेवढी येगयी." डॉक्टरांना हसू आवरेना. "आणि तिघींना एकदम उपाशीपोटी घरात घेतलंत, बाई," ते म्हणाले. "कानातली घरघर त्यांचीच. पोटात जखम झाली तीही त्यांचीच."

सलाइनची बाटली थेंब थेंब गळत होती आणि मी त्या थेंबांवर प्रार्थना म्हणत होते, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेल्या आणि तू शिकवलेल्या, एकीत दुसरी मिसळून. रक्त थांबलं. हात मात्र तिथं घातलेल्या प्लास्टरमध्येही ठणकतच होता. डॉक्टरांनी वेगळी गोळी काढली तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. "नको. दुखते त दुखू द्या. बाईच्या जातीले सवय असते." डॉक्टर चिडले नाहीत. "ही दुसऱ्या घरची आहे," ते म्हणाले. "पॅरासिटामॉल. पोटाला झोंबत नाही. पण हिचंही जास्त झालं तर लिव्हर बिघडतं, सांगितली तेवढीच घ्यायची. दुखणं पुसून नाही टाकणार ही, झोप लागेल इतपत कमी करेल." तू ऐकेनास. आपलं दुखणं देवाला अर्पण करावं, असं सिस्टर सांगत, आणि मी ते मानत असे. पण तुझा घामेजलेला चेहरा पाहताना वाटलं, हे दुखणं घेऊन कोणता देव खूश होणार?

मी म्हटलं, "माय, माहा हात मोडला असता त मले दिली असती का?"

"तुले काऊन नाई? तू लेकरू हायेस."

"मंग तू कोनाचंच लेकरू नाई काय?"

बोर्डिंगमध्ये पुसून टाकलेली आपली बोली तोंडात कशी आली, कळलं नाही. तू भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलंस आणि म्हणालीस, "आन." मी आधी तुला मऊ भात भरवला, मग गोळी दिली. दुपारी तुला झोप लागली. तोंड किंचित उघडं, कपाळाची आठी सुटलेली. दिवसाउजेडी तुला झोपलेलं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. तू इतकी तरुण होतीस, माय.

पुढे तू गावात कुणी कण्हलं की विचारायचीस, "जेवली काय? पयले कोन्ती घेतली? कागद दाखव." बायका तुला डॉक्टरीण म्हणून चिडवायच्या आणि कागद दाखवायच्या. मी सुट्टीत आले की तू ते सारे वाचायला माझ्यापुढे टाकायचीस.

काल माझी दाढ काढली. दातांच्या डॉक्टरणीनं गोळी लिहिण्याआधीच विचारलं, आणखी काय चालू आहे, पोटाचा त्रास आहे का, रक्त पातळ करायचं काही घेता का. नातीच्या वयाची मुलगी ती. मला तिचा मुका घ्यावासा वाटला. तेव्हा हे विचारणारा माणूस गाठायला आपल्याला मलकापूरपर्यंत जावं लागलं होतं.

एवढं सगळं तुला सांगतेय आणि गोळी मात्र टेबलावर तशीच आहे. सकाळपासून जबडा ठणकतोय. सूनबाई येऊन विचारून गेली, तर मी "काही नाही गं" म्हणाले, अगदी तुझ्या आवाजात. हा कागद कुठे जाणार नाही, तो इथंच राहू दे. मी तिला हाक मारते. थोडा भात मागते आणि सांगते, दुखतंय.