भुऱ्याची शिंक आणि जंतूंचा दिवा

आदरणीय दाजी,

वाकून नमस्कार (कागदावरच, कंबर कालपासून धरली आहे, कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? आणि भुऱ्या? त्याची चौकशी मी दात-ओठ खाऊन करतोय, हे आधीच सांगतो. गेल्या महिन्यात त्याला सर्दी झाली म्हणून तुम्ही माझ्या गाडीतून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलंत, आणि तुमचा तो कुत्रा तोंड वर करून शिंकतो.

लेकीला मुलगी झाली, हे ताईने सांगितलंच असेल. गुरुवारी मायलेकींना दवाखान्यातून घरी आणायचंय. नात घरी येणार ती आपल्याच गाडीतून, आणि स्टिअरिंगवर आजोबा, हे मी नऊ महिने घोकत होतो. आणि लेक म्हणते, बाबा, तुमची गाडी नको, आम्ही टॅक्सीने येऊ. कारण विचारलं तर विषय बदलते! आदल्या दिवशी जावयांना दवाखान्यात सोडताना मी मागे वळून त्यांना माझ्या गाडीचं कौतुक ऐकवत होतो, तेव्हा ते डोळे मिटून, दाराची कडी घट्ट धरून बसले होते. गाडीत कुत्र्याचा वास येत असावा, ही शंका मला तेव्हाच आली होती. म्हटलं, भुऱ्याचे जंतू, दुसरं काय!

मग गेलो दुकानात, अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा घ्यायला. दुकानदाराने एक डबी दाखवली, गाडीच्या चार्जरला लावायची. एक सीटवर उभा ठेवायचा दिवा. आणि एक हातात धरायची कांडी. किरण पडतील तिथलेच जंतू मरतात, सावलीतले मजेत राहतात, असं तो म्हणाला, म्हणून मी कांडी घेतली. सीटखाली पालथा पडून अर्धा तास फिरवली (कंबर तिथेच गेली). पण खरा प्रश्न छताचा, कारण शिंक वर गेलेली. कांडी छताकडे धरली आणि फट्‌कन विझली. खाली धरली, पेटली. वर धरली, विझली! बिघडलेला माल गळ्यात मारला म्हणून मी दुकानात जाऊन तोंडाचा पट्टा सोडला आणि बदलून आणली. दुसरीचं तेच. तिसरीचंही तेच. चौथ्यांदा मला येताना पाहून त्या भल्या माणसाने शटर अर्धं खाली ओढलं.

शेवटी बायकोने चष्मा लावून खोक्यातला कागद वाचला. (यंत्राबरोबरचा कागद वाचणं आमच्या घराण्यात कमीपणाचं मानतात, ताईला विचारा.) डोळ्यांत किरण जाऊ नयेत म्हणून कांडी वर धरली की आपोआप बंद होते, असं पहिल्याच ओळीत ठळक छापलेलं होतं. म्हणजे दोन चांगल्या कांड्या मी परत केल्या, दुकानदाराशी वैर घेतलं, आणि छत जसंच्या तसं. तेव्हा दाजी, तुमच्या कुत्र्याची शिंक तुम्हीच येऊन पुसा, मी हात टेकले.

आपला,
कंबरेतून वाकलेला मेव्हणा

ता. क. पत्र बंद करणार तोच बायको दवाखान्यातून आली. तिने लेकीला खोदून विचारलं. जंतूंचा काही संबंध नाही म्हणे. मी गाडी चालवताना मागच्या माणसाशी बोलायला अख्खा मागे वळतो, त्याची तिला धास्ती वाटते. जावयांनीच चुगली केली. (अहो, मी मधून मधून रस्त्याकडेही बघतोच की!) भुऱ्याला वाईटसाईट बोललो, त्याच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा.

दुसरा ता. क. आतोबा चालवणार असतील तर बाबांच्या गाडीतून येईन, असं लेक म्हणते. तेव्हा गुरुवारी सकाळी दहाला याच. गुडघ्याची सबब सांगू नका, क्लच अगदी हलका आहे. मी मागे बसेन, नातीच्या शेजारी. तिच्याशी बोलायला मला मागे वळावं लागणार नाही.