दोन बंदुकांना एकच साचा

प्रिय बाबा,

इथे तेलविहिरीवर थंडी कडक आहे, पण मी मजेत आहे. मोंटानात बर्फ पडला का?

तुम्हाला काडतुसं पुन्हा भरण्याआधी रिकाम्या पुंगळ्या चकचकीत करणारं यंत्र हवं होतं, ते घेतलं नाही. चकाकी बघून एल्क हरीण मरत नाही! त्याऐवजी पुंगळी पूर्ण दाबून मूळ मापाला आणणारा साचा पाठवलाय. तुमचा जुना साचा फक्त तोंड आवळतो, बाकी पुंगळी जिच्यातून उडाली त्या बंदुकीच्याच मापाची राहते; म्हणून तुमचं काडतूस आईच्या बंदुकीत बसेना आणि समोरचा एल्क निघून गेला. आई म्हणाली, "इतक्या वर्षांत यांनी आमच्या दोघांच्या काडतुसांचे डबे कधी बदलले नव्हते गं."

आता खुशाल बदला. कुठली पुंगळी कुणाची, हे लक्षात ठेवायचंच नाही. बारूद मात्र आई शेजारी असतानाच मोजा.

आणि फोन केला की माझं नाव मीच आधी सांगत जाईन, म्हणजे तुम्हाला आवाज आठवत बसायला नको.

तुमचीच,
थोरा